चौथा धडा : तरुणांना कायदा शिकवणाऱ्या एका उपक्रमाचं प्रकरण

आमच्या चौथ्या धड्याची सुरुवात एका कागदाने होते. वर्गात शिरताच प्रत्येकाच्या हातात दोन पानी नेमणूकपत्र द्यायचं, पेन द्यायचं आणि एवढंच म्हणायचं, "वाचून सही करा, मग सुरू करू." त्यापुढे एक शब्द नाही. घड्याळ लावून बसायचं.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा वर्गात सतरा ते एकवीस वयाची पंचवीसएक मुलं होती. दोन मिनिटांच्या आत बहुतेकांच्या सह्या झाल्या. पहिल्या पानावर पगाराच्या आकड्याची जागा कोरी होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी, जरा बारीक अक्षरात, वर्ष पुरं व्हायच्या आत काम सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागेल असं लिहिलं होतं. किती, ती जागाही कोरीच. मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात जमा करायची अट त्याच्याही खाली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी सही न करता बसली होती. विचारलं, तर ओशाळून म्हणाली, "सर, माझं अजून वाचून व्हायचंय." वाचत बसल्याबद्दल तिला ओशाळं वाटावं, हे त्या दिवशी माझ्या मनात रुतलं ते अजून निघालेलं नाही.

हे प्रकरण त्या चौथ्या धड्याचं आहे. तो कसा तयार झाला, कुणाला नको झाला आणि त्याच्यापायी आमचा उपक्रम बंद पडायच्या बेताला कसा आला, ते सविस्तर मांडतो. असं काम अंगावर घेऊ पाहणाऱ्याला आमचे पाय जिथे अडकले ती जागा आधीच दिसावी, म्हणून.

सुरुवात कशी झाली

आम्ही तिघं होतो. एक फौजदारी कामं करणारी वकील, एक हिशेब आणि संस्थांच्या नोंदणीची कामं पाहणारा मित्र आणि मी, पेशाने शिक्षक. कल्पना वकील मैत्रिणीची. तिच्याकडे येणारे तरुण अशील अशा टप्प्यावर येत की करण्यासारखं फार थोडं उरलेलं असे. सही होऊन गेलेली, जबाब देऊन झालेला, नाहीतर अपिलाची मुदत टळलेली. "हा चार दिवस आधी आला असता तर," हे ती इतक्यांदा म्हणायची, की शेवटी आम्ही ठरवलं, त्या चार दिवसांचंच काहीतरी करू या.

कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे तत्त्व जगातल्या बहुतेक न्यायव्यवस्था मानतात. मग तो माहीत करून देणं कुणाचं काम? बालहक्कांच्या करारात याचं निदान एक उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारला. त्याचं ४२ वं कलम सांगतं, की करारातली तत्त्वं मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून देण्याची जबाबदारी करार मान्य करणाऱ्या देशांची आहे. हक्क देणाऱ्या कागदातच तो हक्क कळवण्याची जबाबदारी लिहिलेली असावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाट दाखवणारं एक उदाहरणही समोर होतं. १९७२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे कायद्याचे विद्यार्थी शहरातल्या शाळांमध्ये जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवू लागले. भाडं, खरेदी, पोलीस, घरातली भांडणं, असले विषय. 'स्ट्रीट लॉ' या नावाने ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. १९८० च्या दशकात, वर्णभेदाची राजवट चालू असतानाच, ती दक्षिण आफ्रिकेतही पोहोचली. जिथे कायदाच अन्यायाचा आहे तिथे तो शिकवायचा म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो. कायदा काय सांगतो हे सांगून थांबायचं नाही, तो तसा असावा का हेही मुलांना विचारू द्यायचं, हे आम्ही तिथूनच उचललं.

पहिल्या सहा तासांत काय चुकलं

आमचा पहिला अभ्यासक्रम अगदी पुस्तकी होता. राज्यघटना, न्यायालयांची उतरंड, दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक. सहाव्या तासाला निम्मी मुलं गळाली होती. उरलेल्यांपैकी एकाने विचारलं, "हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. त्याच्या आयुष्यात कायदा ज्या दाराने येणार होता त्या दाराकडे आम्ही पाठ करून उभे होतो.

मग क्रम उलटा केला. प्रसंग आधी, कलम नंतर, आणि कित्येकदा कलम नाहीच. खोली सोडताना मालक अनामत परत देत नाही. दुकानदार सदोष वस्तू बदलून देत नाही. मित्राच्या गाडीवर मागे बसलेला असताना पोलीस थांबवतात. ऑनलाइन ओळख झालेला माणूस फोटो मागतो. मुलांनी आधी सांगायचं, मी काय करीन. मग त्यातल्या कुठल्या कृतीने पुढची वाट बंद होते, ते आम्ही दाखवायचं. प्रत्येक धड्याच्या पानावर तळाशी तीनच ओळी छापायच्या असं ठरलं : आत्ता काय करायचं, कुणाकडे जायचं, किती दिवसांच्या आत. तिसरी ओळ वकील मैत्रिणीच्या हट्टाने आली. हक्क असूनही मुदत टळल्यामुळे रिकाम्या हाताने परतलेली माणसं तिने पाहिली होती.

या पद्धतीत मुलांच्या डोक्यात आधीच काय भरलेलं असतं तेही बाहेर पडतं. अटकेच्या प्रसंगात दर वेळी कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, की गप्प राहायचं आणि एक फोन मागायचा. हे चित्रपटांतून आलेलं ज्ञान. गप्प राहण्याच्या हक्काची ती प्रसिद्ध सूचना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालातून आली. पण इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानंतर पोलीस जी सूचना देतात तिच्यात इशारा आहे. आत्ता विचारलं असताना सांगितलं नाही आणि पुढे न्यायालयात त्याच गोष्टीचा आधार घेतला, तर बचावाला बाधा येऊ शकते. एका देशात ढाल असलेलं मौन दुसऱ्या देशात अंगाशी येऊ शकतं. वयाचंही तेच. इंग्लंडमध्ये फौजदारी जबाबदारी दहाव्या वर्षी सुरू होते, स्कॉटलंडमध्ये बाराव्या, भारतात सातव्या. करार करण्याचं वय इंग्लंडमध्ये अठरा आहे, तर स्कॉटलंडमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार सोळा. भारतात अज्ञानाने, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. प्रिव्ही काउन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळात भारतातली शेवटची अपिलं जिथे जात त्या लंडनच्या न्यायपीठाने, १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात तसं सांगितलं. तेव्हा बाहेरचं तयार साहित्य घेऊन भाषांतर करायचा मोह कितीही झाला तरी टाळलेलाच बरा. पद्धत उसनी घेता येते, मजकूर नाही.

आणि स्वतःचा मजकूरही शिळा होतो. भारतात १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. लबाड माणसाला 'चारशे वीस' म्हणायची सवय भाषेत राहिली, पण फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. म्हणून आमच्या प्रत्येक पानावर 'तपासल्याची तारीख' छापलेली असते आणि तपासणाऱ्या वकिलाची आद्याक्षरं असतात. वर्ष उलटलेलं पान वर्गात न्यायचं नाही. नियम कटकटीचा आहे. पण चुकीचं औषध देणारा आणि चुकीचा कायदा शिकवणारा यांत मी तरी फरक करत नाही.

वर्ग सुटल्यावरचा कागद

तास संपला की खरा तास सुरू होतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा सगळे गेल्यावर एक मुलगा रेंगाळला. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, बाकावर तळहाताने सारखा केला आणि म्हणाला, "उद्या द्यायचाय. सही करू का?" कर्जासाठी जामीनदार राहण्याचा कागद होता. कर्ज त्याच्या मित्राचं.

काय करायचं? माहिती देणं आणि सल्ला देणं यांत रेघ आहे, आणि ती सगळीकडे एकाच जागी नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवान्याशिवाय कायद्याचा सल्ला देणं हाच गुन्हा ठरू शकतो. इंग्लंडमध्ये न्यायालयात बाजू मांडण्यासारखी ठराविक कामंच राखीव आहेत, साधा सल्ला नाही. पण कायद्याचं बंधन बाजूला ठेवलं तरी खरी अडचण वेगळी असते. त्या मुलाची पुरी परिस्थिती मला माहीत नव्हती, आणि अर्धवट माहितीवर दिलेलं 'कर' किंवा 'करू नको' त्याला महागात पडलं असतं.

मी त्याच्या शेजारी बसून तो कागद त्यालाच मोठ्याने वाचायला लावला. 'जामीनदार' शब्द आला तिथे थांबवून विचारलं, मित्राने हप्ता भरला नाही तर बँक कुणाच्या दारात येईल? तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याला मोफत विधी साहाय्य देणाऱ्या वकिलाचा पत्ता दिला. त्याने सही केली की नाही, मला माहीत नाही. विचारायचा मोह झाला होता, विचारलं नाही.

तेव्हापासून दोन नियम पक्के झाले. वर्गात कुणाच्याही खऱ्या कागदावर मत द्यायचं नाही, तो त्याच्यासोबत वाचायचा आणि योग्य दारापर्यंत पोहोचवायचा. दुसरा नियम मैत्रिणीने स्वतःवर घातला : वर्गातल्या मुलाची केस ती स्वतः घेणार नाही, फी घेऊनही नाही आणि फुकटही नाही. शिकवणं हे अशील मिळवायचं साधन आहे अशी शंका एकदा आली, की शाळांची दारं बंद होतात.

आणखी एक गोष्ट. "समजा माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत असं घडलं तर…" असं वाक्य वर्गात येतं, आणि ती मैत्रीण कित्येकदा समोरच बसलेली असते. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन अशा वेळी कधीही देऊ नये. मुलाला धोका असेल तर सांगावंच लागतं, आणि कित्येक ठिकाणी कायद्यानेच ते बंधनकारक असतं. हे तासाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवायचं, म्हणजे बोलायचं की नाही हे मुलाला ठरवता येतं. पहिला वर्ग घेण्याआधी ही तयारी झालेली हवी. आमची नव्हती. त्या काळात काही विपरीत घडलं नाही, हे नशीब.

पैसे कोण देणार

ज्याला कायदा शिकायची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याकडे फी द्यायला काही नसतं. या धंद्याचं मूळ कोडं हेच. घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा.

हिशेब सांभाळणाऱ्या मित्राने नोंदणीआधी सगळे पर्याय मांडले होते. ब्रिटनमध्ये २००५ पासून समाजहित कंपनी हा प्रकार आहे. तिच्या मालमत्तेला कायद्याने कुलूप असतं, ती समाजाच्या कामाबाहेर वळवता येत नाही. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी काढता येते. तिला नफा झाला तरी तो सभासदांत लाभांश म्हणून वाटता येत नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१० मध्ये सगळ्यांत आधी अशी कंपनी मान्य केली, जी नफा कमावते पण लोकहिताचं बंधनही कायद्याने स्वीकारते. आम्ही नफा न वाटणारा प्रकार घेतला. कागद झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता कुणी आमच्या हेतूला धक्का लावू शकत नाही.

पहिलं वर्ष देणग्यांवर गेलं. दुसऱ्या वर्षी पाच प्रशिक्षण संस्था आणि शाळा थोडी थोडी फी देऊ लागल्या. खर्चाचा मोठा भाग छपाई किंवा प्रवास नव्हता, माणसांचा वेळ होता. धडा तपासणं, शिक्षकांना तयार करणं, वर्ग सुटल्यावर थांबणं. देणगीदार छापलेल्या पुस्तकाला पैसे देतो, कारण त्यावर त्याचं नाव घालता येतं. वर्ग सुटल्यावर थांबणाऱ्या माणसाला पगार द्यायला फार थोडे तयार होतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आमच्याकडे तीन महिने पुरेल एवढीच रक्कम होती.

प्रस्ताव

अशा वेळी एका मोठ्या कंपनीकडून बोलावणं आलं. तिच्याकडे दर वर्षी शिकाऊ तरुणांच्या मोठ्या तुकड्या भरती होत. त्या सगळ्यांना आमचे धडे द्यायचे, आणि शिवाय आजूबाजूच्या शाळांचा वर्षाचा खर्च कंपनी उचलणार. म्हणजे एका सहीत आमचं पुरं वर्ष निघत होतं, वर हात मोकळा राहत होता.

आमच्याशी बोलणाऱ्या अधिकारी बाईंनी सगळे धडे खरोखर वाचले होते. पहिला खरेदीचा, दुसरा पोलिसांशी गाठ पडण्याचा, तिसरा ऑनलाइन व्यवहार आणि छळाचा. तिन्हींवर त्यांनी समासात टिपणं केली होती, चांगली टिपणं होती, त्यांतली दोन आम्ही पुढे घेतलीही. मग त्या म्हणाल्या, "चौथा मात्र पुढच्या वर्षी बघू या. मुलं नवीन असतात. पहिल्याच महिन्यात नेमणूकपत्राकडे संशयाने बघायला शिकली तर वातावरण बिघडतं."

त्यांच्या बोलण्यात दमदाटी नव्हती, लबाडीही नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण असा प्रस्ताव खलनायकाच्या तोंडून येईल अशी आपली समजूत असते. तो येतो चहापाण्याच्या गप्पांत, आपल्या कामाचं कौतुक करणाऱ्या माणसाकडून.

आम्ही तिघं त्या रात्री उशिरापर्यंत बसलो. मी घ्या म्हणत होतो. माझं म्हणणं सरळ होतं : तीन धडे हजारो मुलांना मिळतील, चौथ्यासाठी ते तीनही का घालवायचे? रिकाम्या तिजोरीने कुणाचं भलं होतं? मैत्रीण नको म्हणत होती, पण तिच्याकडे पगार भागवायचा मार्ग नव्हता. मित्राने नोंदणीची फाइल आणली, उद्दिष्टांचं पान काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नफ्याचं काय करायचं ते त्यात होतं. संस्था बंद झाली तर टेबलखुर्च्यांचं काय करायचं तेही होतं. धडा कोण वगळू शकतो, यावर एक ओळ नव्हती. "कुलूप आपण तिजोरीला लावलंय," तो म्हणाला, "अभ्यासक्रम उघड्यावरच आहे."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. सामाजिक उपक्रम काढणारे नफ्याची वाटणी रोखायला फार जपतात. पण पैसे देणाऱ्याला नफा नकोच असतो. त्याला हवा असतो धड्यांच्या यादीत हात घालायचा हक्क. तो काढून घ्यायला लाचही द्यावी लागत नाही. एक धडा पुढच्या वर्षावर ढकलला की झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही उलट प्रस्ताव दिला. चौथा धडा राहील, पण आमच्या नमुन्याऐवजी कंपनीने स्वतःचं खरं नेमणूकपत्र वर्गात द्यावं. ते स्वच्छ असेल तर मुलांचा कंपनीवर विश्वासच बसेल. मला अजूनही ती कल्पना उत्तम वाटते. नऊ दिवस उत्तर आलं नाही.

त्या नऊ दिवसांत माझं मत बदललं, आणि ते आम्हा तिघांच्या वादातून बदललं नाही. पूर्वीच्या वर्गांतली पाच-सहा मुलं आम्हाला नवे धडे करून पाहायला मदत करत. त्यांच्यापुढे मी माझी बाजू मांडली, तीन धडे नाहीतर शून्य धडे. शेवटच्या बाकावरची ती मुलगी त्यांत होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही तीन शिकवून गेलात तर त्यांना वाटेल कायद्याचं शिकून झालं. पगाराबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे त्याला कायदाच नसेल असं वाटेल. मला तसंच वाटलं असतं."

मी गप्प झालो. अर्धवट शिकवण्याने अर्धं ज्ञान मिळतं, असं मी धरून चाललो होतो. पण ज्याला आपण कायदा शिकलो आहोत असं वाटतं तो विचारायचं बंद करतो. अज्ञानी मुलगा निदान कुणाला तरी विचारतो. आम्ही त्या मुलांच्या हातात कंपनीच्या सोयीने कापलेला नकाशा देणार होतो, आणि वर आमचा शिक्का.

दहाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. या वर्षी जमणार नाही.

नंतरचं वर्ष

पाचपैकी दोन ठिकाणचे वर्ग थांबवावे लागले. मैत्रीण पूर्ण वेळ न्यायालयात परतली आणि संध्याकाळी येऊ लागली. मी शिकवण्या धरल्या. बंद झालेल्या दोन ठिकाणांपैकी एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, की तत्त्वासाठी आमच्या मुलांचे वर्ग का बंद? त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही पुरतं नाही. निर्णय बरोबर होता असं मी मानतो, पण त्याची किंमत ज्या मुलांनी भरली त्यांना आम्ही विचारलं नव्हतं.

त्या वर्षात आम्ही संस्थेची नियमावली दुरुस्त केली. धडा घालायचा किंवा काढायचा तर ते फक्त अभ्यासक्रम समिती ठरवेल. तिच्यात दोन जागा माजी विद्यार्थ्यांच्या, आणि पैसे देणाऱ्या कुणाचाही प्रतिनिधी नाही. एकाच देणाऱ्याकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घ्यायचं नाही. आणि बोलणी सुरू व्हायच्या आधी एक पानी अटपत्र समोरच्याच्या हातात द्यायचं : वेळ, जागा, भाषा, तुकडीचा आकार तुम्ही ठरवा, धडे आमचे, सगळे, याच क्रमाने. पैशाची गरज डोक्यावर बसलेली असताना ही रेघ ओढता येत नाही. ती नोंदणीच्या दिवशीच ओढायला हवी होती.

अटपत्र वाचून काही जण पहिल्याच भेटीत उठले. ते बरं झालं, महिने वाचले. उलट काही छोट्या प्रशिक्षण संस्थांनी मिळून खर्च वाटून घेतला. कंपनीने देऊ केलेल्या रकमेच्या जवळपासही ते जात नव्हतं, पण दोनपैकी एक शाळा पुन्हा सुरू झाली. ते मुख्याध्यापक मात्र दुसऱ्या शाळेचे. त्यांचे वर्ग अजून बंदच आहेत.

काम होतंय की नाही, हे मोजायचं कसं, यावर आम्ही बराच काळ घालवला. तासाच्या शेवटी घेतलेल्या चाचणीत सगळ्यांना चांगले गुण मिळतात, आणि त्यावरून काही कळत नाही. मग चार महिन्यांनी, वेगळ्याच निमित्ताने, वेगळा कागद द्यायला लागलो. खोली भाड्याने घेण्याचा करार, किंवा व्यायामशाळेच्या सभासदत्वाचा. पुन्हा तेच, वाचून सही करा. आता दोन मिनिटांत सह्या होत नाहीत. कुणी कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारतं. कुणी विचारतं, "याची प्रत मला मिळेल का?" आम्ही मोजतो ते हेच : प्रत किती जणांनी मागितली. तरीही तीन-चार जण दर वेळी न वाचता सही करतात, आणि त्यांत धड्याच्या दिवशी सगळ्यांत हुशार उत्तरं देणारा एखादा असतोच. आणि ज्यांनी वर्ग मधेच सोडला त्यांचं काय झालं, हे या मोजणीत येत नाही. यश आलं असं म्हणायला मी म्हणूनच कचरतो.

त्या कंपनीच्या शिकाऊ मुलांसाठी, आणि कुणीच पैसे देत नाही अशा सगळ्यांसाठी, आम्ही शनिवारी खुला वर्ग ठेवतो. पहिल्या शनिवारी चौघं आले. आता खोली बऱ्यापैकी भरते. गेल्या महिन्यात एकाने वस्तू पोचवायच्या कामाचा करार आणला, पण त्याच्या हातात कागद नव्हता, फोन होता. पडद्यावर मजकूर, खाली एक चौकोन आणि त्यापुढे 'मला मान्य आहे'. चौथ्या धड्यात आम्ही शिकवलेलं काहीच तिथे लागू पडेना. कोरी जागा नाही, समास नाही, रेघ मारायला पेन नाही, आणि प्रत कुणाकडे मागायची तेही कळेना.

त्या मान्य केलेल्या अटी पुन्हा उघडून बघायची जागा ॲपमध्ये आहे, पण ती शोधायला मला आणि मैत्रिणीला एक पुरी संध्याकाळ लागली. धडा नव्याने लिहायला घेतला आहे. पहिल्या मसुद्यात कागदाऐवजी फोन दिला. मुलांनी चौकोन दाबला तेव्हा मी घड्याळाकडे बघेपर्यंत सगळ्यांचं उरकलंही होतं. मागे बसलेली ती मुलगी, आता समितीवर असलेली, अजून बोटाने वर सरकवत होती.